कॉम्बी बॉयलरची सर्व्हिस : आधी मोजायचं, मग उघडायचं

इंग्लंडात बॉयलरच्या सर्व्हिसला सप्टेंबर उत्तम. गणपती उरकलेले असतात, सकाळी गारवा जाणवू लागतो, पण हीटिंग अजून कुणी लावलेलं नसतं. बॉयलर दोन तास बंद ठेवला तरी घरात कुणी कुडकुडत नाही. ऑक्टोबर सरता सरता पहिली कडक थंडी पडली की बंद पडलेल्या बॉयलरांकडे आधी धावावं लागतं आणि सर्व्हिस एकतर मागे पडते, नाहीतर घाईत उरकली जाते. घाईची सर्व्हिस ओळखायला सोपी असते : बाहेरचं झाकण पुसलं, नळ सोडून ज्योत पेटते का पाहिलं, वहीत सही केली आणि पंधरा मिनिटांत माणूस दाराबाहेर. तिला सर्व्हिस म्हणू नये. बॉयलर गॅस पूर्ण जाळतो का, जळालेला वायू पूर्ण बाहेर टाकतो का, आणि येतं वर्ष तो हे नीट करत राहील का, हे बघायचं असतं. यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं.

इथे सांगतो ती सर्व्हिस लंडनच्या हॅरो भागातल्या एका मराठी घरातली. स्वयंपाकघरातल्या कपाटात ३० किलोवॅटचा कॉम्बी (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा, वेगळी टाकी न लागणारा बॉयलर), दहा रेडिएटर, फ्लू, म्हणजे जळालेल्या वायूचं धुराडं, सरळ मागच्या भिंतीतून बाहेर. हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग, अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा. हे आधी माहीत असावं लागतं, कारण स्टीलचा एक्स्चेंजर आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक्स्चेंजर साफ करायची रीत वेगळी. त्या मॉडेलचं पुस्तक सोबत घेतल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हे झाकण उघडायचा अधिकार फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यालाच आहे. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं. दारात आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, आणि उलटवूनही बघा. पुढच्या बाजूला फोटो, नंबर आणि मुदत असते. कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. नुसत्या शेगडीची परवानगी असलेल्याने बॉयलर उघडायचा नसतो. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना गॅस गिझरची सवय असते. धुराडं नसलेला साधा गिझर खोलीतलीच हवा घेतो आणि जळालेला वायूही खोलीतच सोडतो, म्हणून बंद न्हाणीघरात त्याने माणसं दगावली आहेत. इथला आजचा बॉयलर खोलीपासून सीलबंद असतो. एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांपैकी बाहेरच्या नळीतून हवा आत येते आणि आतल्या नळीतून वायू बाहेर जातो. त्यामुळे बऱ्याच मॉडेलांत पुढचं झाकण आणि त्याची रबरी पट्टी हा सुरक्षेचाच भाग असतो. ते काढून ‘जरा आत झाडून घेतो’ म्हणणं धोक्याचं आहे.

कामाची सुरुवात प्रश्नांपासून होते. मागच्या हिवाळ्यात बंद पडला होता का, स्क्रीनवर कुठला कोड आला होता, गरम पाणी मध्येच गार होतं का, प्रेशर किती वेळा भरावं लागतं. घरच्या वहिनी म्हणाल्या, “दादा, प्रेशर दर पंधरवड्याला भरावं लागतं हो. रेडिएटरला तर कुठे ओल दिसत नाही. आणि हीटिंग चालू असलं की काटा पार अडीचच्या वर जातो.” या तीन वाक्यांत निम्मं निदान होतं. गार असताना काटा शून्याकडे आणि गरम झाल्यावर तीनच्या उंबरठ्यावर असेल, तर पहिला संशय एक्स्पान्शन व्हेसलवर घ्यायचा. त्याकडे पुढे येतोच.

मग घराबाहेर जाऊन फ्लूचं तोंड बघायचं. त्याच्या पुढ्यात झाडाची फांदी, नवं कुंपण, कपडे वाळत घालायची छपरी असं काही वर्षभरात आलंय का? उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिमी अंतर आहे ना? भिंतीच्या भोकाभोवतीचं सिमेंट सुटलंय का? फ्लॅटमध्ये फ्लू छताच्या पोकळीतून लांबवर जात असेल, तर सांधे बघायला झडपा (उघडणारी छोटी दारं) हव्यात. त्या नसतील आणि फ्लू नजरेखालून जात नसेल, तर तो ठीक आहे असं कुणीही लिहून देऊ नये. या घरी फ्लू जेमतेम मीटरभर, सगळा दिसणारा, म्हणून हा भाग लवकर आटोपला.

आत आल्यावर पहिलं मोजमाप गॅसच्या दाबाचं. सगळं बंद असतानाचा दाब २२.५ मिलीबार होता. पण खरा आकडा गॅस वाहत असतानाचा. बॉयलर पूर्ण जोरावर लावायचा, शेगडीचे सगळे बर्नर पेटवायचे आणि मग मीटरपाशी व बॉयलरच्या तोंडाशी दाब घ्यायचा. मीटरपाशी अपेक्षित दाब २१ मिलीबार, दोन इकडे-तिकडे. आणि मीटरपासून बॉयलरपर्यंतच्या नळीत १ मिलीबारपेक्षा जास्त घट नको. इथे मीटरला २०.८ आणि बॉयलरला २०.१, म्हणजे घट ०.७. ठीक. घट जास्त आली तर बहुधा नळी बारीक पडलेली असते : जुना छोटा बॉयलर काढून मोठा कॉम्बी लावला, पण १५ मिमीची जुनी नळी तशीच ठेवली. असा बॉयलर पेटतो, चालतो, फक्त शॉवर आणि शेगडी एकदम चालू असली की त्याचा दम तुटतो. तपासणीचा स्क्रू परत आवळल्यावर त्यावर गळती दाखवणारा फेस सोडायचा. हा स्क्रू ढिला राहिला तर तपासणी करणाऱ्यानेच गळती मागे ठेवली असं होतं.

आता मुख्य काम, जळालेला वायू मोजणाऱ्या यंत्राचं : अ‍ॅनालायझर. हे यंत्र दरवर्षी कॅलिब्रेट केलेलं हवं आणि त्याचा दाखला मागायचा तुम्हाला हक्क आहे. ते बाहेरच्या मोकळ्या हवेत चालू करून शून्य करायचं. शेगडी पेटलेल्या स्वयंपाकघरात शून्य केलं तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. फ्लूच्या मुळाशी दोन छोटी टोपणं असतात, एक आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर आणि एक वायूच्या. नळी आधी हवेच्या वाटेत घालायची. तिथे ऑक्सिजन निदान २०.६ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्क्याच्या आत हवा. ऑक्सिजन कमी दिसला तर जळालेला वायू कुठल्यातरी सांध्यातून आत येणाऱ्या हवेत मिसळतोय, म्हणजे फ्लू आतून फुटका किंवा सुटलेला. हे आधी बघायचं, कारण हवाच खराब असेल तर पुढे ज्वलन मोजण्यात अर्थ नाही. इथे २०.९ आलं.

मग बॉयलर सर्व्हिस मोडमध्ये पूर्ण जोरावर. रेडिएटर सगळे उघडे, नाहीतर गरम नळ पूर्ण सोडलेला. पाणी लवकर तापलं की बॉयलर आपोआप जोर कमी करतो आणि आपण भलत्याच स्थितीत मोजत बसतो. निदान तीन मिनिटं आकडे स्थिर होऊ द्यायचे. या घरचे आकडे : पूर्ण जोरावर कार्बन मोनॉक्साइड १४२ पीपीएम (दहा लाख भागांत १४२), कार्बन डायऑक्साइड ९.१ टक्के, दोन्हींचं गुणोत्तर ०.००१६. कमीत कमी जोरावर २० पीपीएम आणि ८.७ टक्के.

कंडेन्सिंग बॉयलरला, म्हणजे जळालेल्या वायूतली वाफ जमवून तिचीही उष्णता घेणाऱ्या अशा बॉयलरला, गुणोत्तराची कारवाईची मर्यादा ०.००४ आहे, म्हणजे हा बॉयलर आरामात पास. पण मागच्या वर्षीच्या नोंदीत ०.०००९ होतं. एका वर्षात आकडा पावणेदोनपट झाला होता. म्हणूनच मी नोंदीचा एवढा आग्रह धरतो. एकटा आकडा फक्त पास-नापास सांगतो, मागचा आकडा शेजारी ठेवला की बॉयलर कुठल्या दिशेने निघालाय ते कळतं. इथे बर्नर उघडायचं ठरलं ते या दोन आकड्यांमुळे. आकडे स्थिर असते आणि पुस्तकात यंदा उघडायला सांगितलेलं नसतं, तर मी उघडलाही नसता. प्रत्येक वेळी सील मोडण्यात फायदा नसतो.

गुणोत्तर वाढलेलं दिसलं की काहीजण लगेच गॅस व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवायला घेतात. हे साफ चुकीचं. आजच्या बॉयलरात पंखा हवा ओढतो आणि व्हॉल्व्ह त्या हवेच्या मापाने गॅस सोडतो. एक्स्चेंजर राखेने कोंदला, खालचा निचऱ्याचा ट्रॅप तुंबून पाणी वर चढलं किंवा पंख्याचा आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरपाशी हवेची वाट अडली, की पंखा तेवढाच फिरूनही हवा कमी जाते आणि हवेमागोमाग गॅसही घटतो. आधी बॉयलरची शक्ती उतरते, मग ज्योत बिघडते. त्या स्थितीत स्क्रू फिरवून आकडा जुळवला तर कचरा आत तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी साफ केल्यावर मिश्रण भलतीकडेच जातं. आधी वाट मोकळी करायची, मग मोजायचं, आणि तरीही आकडा पुस्तकातल्या हद्दीबाहेर असेल तर त्या कंपनीच्या रीतीने मिश्रण लावायचं. तो स्क्रू नंतर सील करायचा असतो.

उघडण्याआधी वीज बंद. बाजूच्या स्पर स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे घरातलं कुणी येऊन चुकून चालू करणार नाही. आणि आत वीज खरंच नाही याची टेस्टरने खात्री करायची. बॉयलरखालचा गॅसचा कॉक आडवा. एक्स्चेंजर निवेपर्यंत थांबायचं. पंख्याची आणि इलेक्ट्रोडची जोडणी सोडवली, गॅसचा नट काढला, वरच्या हुडचे नट सुटले की पंखा, व्हॉल्व्ह आणि बर्नर असा गठ्ठा उचलून बाहेर येतो. धुण्याआधी खालच्या इलेक्ट्रॉनिक्सवर प्लॅस्टिक अंथरायचं. कंट्रोल बोर्डावर पाणी गेलं तर सर्व्हिसच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो.

आत जे दिसलं ते अपेक्षेप्रमाणेच. अ‍ॅल्युमिनियमच्या खिळ्यांच्या रांगांमधून करडी-पांढरी, खरखरीत राख साचलेली, खालच्या अर्ध्या भागात जास्त. ही काजळी नव्हे. जळालेल्या वायूतलं पाणी गार पृष्ठभागावर जमतं, ते आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३ ते ५. ते अ‍ॅल्युमिनियमला हळूहळू खातं आणि त्याचा हा कचरा होतो. थोडा होणं स्वाभाविक आहे. काळी काजळी दिसली असती तर गोष्ट वेगळी होती; काजळी म्हणजे ज्वलन आधीच बिघडलेलं, आणि तिचं कारण सापडेपर्यंत बॉयलर चालू करायचा नाही.

सफाईला या एक्स्चेंजरची खास पातळ पट्टी आणि नायलॉनचा ब्रश. पट्टी खिळ्यांच्या ओळींमधून वरून खाली फिरवायची, मग ब्रश, मग व्हॅक्यूम, शेवटी लिटर-दीड लिटर स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवायचं. तारेचा ब्रश वापरायचा नाही, कारण स्टीलचे कण अ‍ॅल्युमिनियमवर राहिले की तिथूनच गंज धरतो. घरातलं नाली साफ करायचं कॉस्टिक तर अ‍ॅल्युमिनियमला थेट विरघळवतं. स्टीलच्या एक्स्चेंजरला प्लॅस्टिकचा ब्रश आणि पाणी बहुधा पुरतं. धुतलेलं सगळं पाणी ट्रॅपमध्ये उतरतं, म्हणून ट्रॅप नेहमी एक्स्चेंजरनंतर साफ करायचा. क्रम उलटा केला तर ट्रॅप दोनदा काढावा लागतो, आणि दुसऱ्यांदा काढायचा कंटाळा केला तर आठवड्याभरात बॉयलर गुडगुडायला लागतो.

बर्नर उजेडासमोर धरून जाळी फाटली आहे का, चीर गेली आहे का बघायचं, आणि मऊ ब्रशने नाहीतर व्हॅक्यूमने झटकायचं, घासायचं नाही. हुडच्या आतला इन्सुलेशनचा गोल पॅड तडकलेला नसावा. भोवतीचं सील दाबून पाहिलं तर कडक झालेलं, एका जागी चपटं. असं सील परत लावायचं नाही. बऱ्याच मॉडेलांत उघडलं की नवं सील लावायलाच सांगितलेलं असतं. हे काही पाउंडांचं रिंगण गरम वायूला झाकणाबाहेर पडू देत नाही, तिथे काटकसर करणाऱ्याला मी आपला व्यवसायबंधू मानत नाही. इलेक्ट्रोडची टोकं पांढरी पडून झिजली होती, त्यांच्यातलं अंतर साडेपाच मिमीवर गेलेलं. या बॉयलरला ते साधारण ४ मिमी हवं. अंतर वाढलं की ठिणगी उशिरा बसते आणि पेटताना धप्प असा आवाज येतो. वाकवून जुळवण्यापेक्षा जोडी बदलली, कारण झिजलेलं टोक ज्योतीची जाणीवही नीट देत नाही. ज्योतीतून वाहणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि तो पुस्तकातल्या किमानाखाली गेला की बॉयलर विनाकारण लॉक होऊ लागतो.

ट्रॅप काढला तर तळाशी दोन बोटं करडा चिखल. धुतला आणि पाण्याने काठोकाठ भरून मगच परत बसवला. ही पायरी विसरू नये. ट्रॅपमधलं पाणी हाच जळालेल्या वायूला अडवणारा बंध आहे. कोरडा ट्रॅप बसवला तर कंडेन्सेटने, म्हणजे वायूतून जमलेल्या पाण्याने, तो भरेपर्यंत वायू निचऱ्याच्या नळीतून घरात शिरू शकतो.

ती निचऱ्याची नळी बाहेरून जात असेल तर तिचं वेगळं बघावं लागतं. डिसेंबर २०१० च्या थंडीत इथे असंख्य घरांत बॉयलर बंद पडले ते बिघडले म्हणून नव्हे, या नळीत बर्फ झाला म्हणून. बाहेरच्या भागात नळी निदान ३२ मिमीची, शक्य तेवढी आखूड, मीटरमागे साधारण ५० मिमी उतार आणि वर पाण्यात न भिजणारं इन्सुलेशन हवं. गोठलीच तर नळीवरून गरम पाणी ओतायचं, उकळतं नाही. उकळत्याने प्लॅस्टिक तडकतं आणि खालच्या फरशीवर बर्फाचा थर होतो. मग बॉयलर रीसेट करायचा. हे घरच्या कुणालाही करता येतं.

आता प्रेशरची तक्रार. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळजवळ ३ लिटर फुगतं. त्या ३ लिटरला जागा द्यायला बॉयलरच्या पाठीशी एक लोखंडी डबा असतो, तोच एक्स्पान्शन व्हेसल : मधे रबरी पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पडद्यामागची हवा वर्षानुवर्षं थोडी थोडी कमी होते. ती संपली की फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही, दाब ३ बारवर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून निघून जातं. घर गार झालं की काटा शून्यावर. वहिनींना रेडिएटरला ओल दिसत नव्हती ती यासाठी.

हवा मोजायची तर बॉयलरची पाण्याची बाजू रिकामी आणि निचऱ्याचा कॉक उघडा हवा. सिस्टिममध्ये दाब असताना गेज लावलं तर ते पाण्याचाच दाब दाखवतं, आणि व्हेसल ठणठणीत असल्याचा गैरसमज होतो. इथे हवा ०.३ बार निघाली. गाडीच्या टायरला असते तशीच व्हॉल्व्ह असल्याने साध्या पायपंपाने १ बारपर्यंत भरली; पुस्तकात ०.७५ ते १ असा आकडा सापडतो, आपल्या मॉडेलचा घ्यावा. भरताना निचरा उघडाच ठेवायचा, म्हणजे पडद्यापुढचं पाणी बाहेर पडतं. त्या व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, आणि मग व्हेसल बदलण्यावाचून उपाय नसतो.

नुसती हवा भरून काम संपत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह महिनोन्महिने उघडझाप करत होता, त्याच्या सीटवर कचरा अडकून तो थेंब थेंब गळू लागतो. बाहेरच्या नळीच्या तोंडाला कोरडी प्लॅस्टिकची पिशवी बांधून तपासायचं. दाब १.३ बारवर आणून ठेवला, बाकीचं काम करून परत आलो तेव्हा पिशवीत पाणी. व्हॉल्व्ह बदलला. सिस्टिममध्ये पाणी भरायच्या फिलिंग लूपची लवचीक नळी भरून झाल्यावर सोडवून ठेवायची असते. ती लावलेलीच होती, काढून बॉयलरखाली टांगली. दर पंधरवड्याला पाणी भरणं अंगावर काढू नये, कारण प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आणि लंडनचं कठीण पाणी आत जातं.

तो ऑक्सिजन काय करतो ते मॅग्नेटिक फिल्टरने लगेच दाखवलं. दोन्ही कॉक बंद करून चुंबक बाहेर काढला, तर त्याच्या बाहेरच्या खोळीवर काजळासारखी चकाकती काळी पेस्ट, बोटभर जाड. हा रेडिएटरच्या आतला झिजलेला लोखंडाचा अंश, मॅग्नेटाइट. फिल्टर नसता तर तो पंपात आणि नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसला असता. रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी गार लागत असेल तर तळाशी हीच पेस्ट असते. वरचा भाग गार असेल तर नुसती हवा, ती चावीने सोडता येते. फिल्टर धुवून त्यातूनच इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घातला. घरगुती वापराच्या बऱ्याच बाटल्या साधारण १०० लिटर पाण्याच्या हिशेबाने असतात, दहा रेडिएटरच्या या घराला एक पुरते; पण लेबल वाचून ठरवावं, आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणाराच घ्यावा. अशा सिस्टिमचा पीएच ८.५ च्या वर जाऊ देऊ नये. २०१९ च्या ब्रिटिश स्टँडर्ड ७५९३ प्रमाणे पाण्याची तपासणी दरवर्षी, आणि पाच वर्षांनी इनहिबिटर पुन्हा घालायचा किंवा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा.

सगळं जोडून झाल्यावर गॅसचा नट आणि व्हॉल्व्हचे सांधे बॉयलर चालू असताना फेसाने तपासले. हुडचे नट समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तकातल्या टॉर्कने आवळायचे, नाहीतर नवं सीलही एका बाजूने गळतं. मग सुरुवातीचीच मोजमापं पुन्हा. पूर्ण जोरावर ८४ पीपीएम, ९.० टक्के, गुणोत्तर ०.०००९. गॅस व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवावाच लागला नाही.

गॅस किती जळतो तेही मोजायचं. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमावलीतल्या २६ व्या नियमाने काम झाल्यावर फ्लू, हवा, दाब किंवा गॅसचं मान आणि बॉयलरचं सुरक्षित चालणं हे बघणं बंधनकारक आहे. गरम नळ पूर्ण सोडून, घरातलं बाकी सगळं गॅसवरचं बंद ठेवून दोन मिनिटं मीटर बघितला : ०.१०३ घनमीटर. उष्मांक घनमीटरला ३९.४ मेगाज्यूल धरला तर ३३.८ किलोवॅट ग्रॉस (वायूतल्या वाफेची उष्णता धरून), त्याला १.११ ने भागून ३०.५ नेट (ती सोडून). बॉयलरच्या पाटीवर ३०.६ आहे. उष्मांक तुमच्या गॅस बिलावर छापलेला असतो. हेच नळाकडूनही पडताळता येतं : ३० किलोवॅटने ३५ अंशांची वाढ धरली तर मिनिटाला सव्वाबारा लिटर पाणी मिळायला हवं. गॅस पूर्ण जळतोय पण पाणी एवढं तापत नाही, किंवा गरम-गार-गरम असं येतंय, तर प्लेट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसलेत असं समजावं. लंडनच्या पाण्यात हे होणारच. इथे मिनिटाला बारा लिटर, ३४ अंश वाढीने, ठीक.

जाता जाता सेटिंग. हीटिंगचं पाणी ७५ अंशांवर ठेवलेलं होतं. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच वायूतली वाफ नीट जमते आणि कंडेन्सिंग बॉयलर आपल्या नावाला जागतो. ते ६० वर आणलं. रेडिएटर हाताला पूर्वीइतके कढत लागत नाहीत, घर तापायला थोडा वेळ जास्त लागतो, पण गॅस वाचतो. वेगळी पाण्याची टाकी असलेल्या घरांत मात्र टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत जायला हवं, नाहीतर लिजिओनेला जंतूंची भीती. तिथे हा आकडा विचारल्याशिवाय कमी करू नये.

वहीत दोन्ही वेळचे आकडे, व्हेसलचा दाब, बदललेले भाग आणि इनहिबिटरची तारीख लिहिली. घर भाड्याने दिलेलं असेल तर ध्यानात ठेवा : मालकाला दर बारा महिन्यांनी गॅस सुरक्षा तपासणी कायद्याने सक्तीची आहे, तिचा दाखला भाडेकरूला २८ दिवसांत द्यायचा आणि दोन वर्षं जपायचा असतो. पण ती तपासणी आणि ही सर्व्हिस एकच नव्हेत. दाखल्यात बॉयलर आज सुरक्षित आहे एवढंच येतं, राख आणि ट्रॅप त्यात येत नाहीत. भाडेकरूंनी ‘सर्टिफिकेट आहे ना’ यावर थांबू नये, शेवटची सर्व्हिस कधी झाली ते विचारावं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॉयलरपासून आडवा १ ते ३ मीटरवर हवा, कपाटात नाही. मागे त्याची मुदत छापलेली असते, बहुधा सात ते दहा वर्षं. अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर खिडक्या उघडायच्या, मीटरपाशी गॅस बंद करायचा, बाहेर जायचं आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा. हा नंबर चोवीस तास चालतो.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाताना बरेचजण बॉयलरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करून जातात. तसं करू नका. वीज असली की बॉयलर पंप अधूनमधून काही सेकंद फिरवून जाम होऊ देत नाही, आणि आतलं तापमान ५ अंशांच्या आसपास उतरलं की स्वतःच पेटून गोठण्यापासून वाचतो. पण ते संरक्षण बॉयलरपुरतंच असतं, वरच्या खोलीतल्या रेडिएटरला आणि माळ्यावरच्या नळ्यांना नाही. म्हणून थर्मोस्टॅट १२ अंशांवर ठेवून जायचं. निघायच्या आदल्या दिवशी गार बॉयलरचा काटा १ ते १.५ मध्ये आहे ना ते बघायचं. चावी शेजाऱ्याकडे देताना काटा कुठे असतो आणि फिलिंग लूप कसा लावायचा ते त्यांना एकदा समोर उभं करून दाखवून ठेवा.